थंडीत बाइक सुरू होत नाही, त्याचं खापर ई-२० वर कशाला?

हिवाळा सुरू झाला की पेट्रोल पंपावर, गॅरेजमध्ये आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घालायला लागल्यापासून गाडी थंडीत सुरूच होत नाही.’ पाठोपाठ पुरावा म्हणून ब्राझीलचा दाखला येतो. तिथल्या इथेनॉलवर चालणाऱ्या बाइकवर म्हणे थंडीचा इशारा देणारा दिवाच असतो, आणि आपल्याला तो दिवा न देताच इथेनॉल गळ्यात मारलं. यातली ब्राझीलची गोष्ट बरीचशी खरी आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र साफ उलटा आहे. तो इतक्या वेळा सांगितला गेलाय की आता काही मेकॅनिकही तो बिनदिक्कत ग्राहकाच्या गळी उतरवतात. त्याची किंमत गाडीवाला मोजतो. बॅटरी शेवटच्या घटका मोजत असते आणि हा इंधनात ओतायच्या ‘इथेनॉल ट्रीटमेंट’च्या बाटल्यांवर पैसे घालवत बसतो.

आधी ब्राझीलचं नीट पाहू. होंडाने मार्च २००९ मध्ये तिथे ‘सीजी १५० टायटन मिक्स’ ही बाइक आणली. टाकीत पेट्रोल घाला, इथेनॉल घाला किंवा दोन्ही कोणत्याही प्रमाणात मिसळा, ती चालते. तिथल्या पंपांवर निव्वळ इथेनॉलही मिळतं, त्यामुळे टाकीत शंभर टक्के इथेनॉल असण्याची शक्यता खरीच असते. अशा इंधनावर थंड सकाळी इंजिन सुरू होत नाही, म्हणून तिथल्या बहुतेक फ्लेक्स-फ्युएल मोटारींच्या बॉनेटखाली त्या काळी पेट्रोलची एक छोटी जादा टाकी असायची. बाइकवर तेवढी जागा नाही. होंडाने जादा टाकी टाळली आणि त्याऐवजी एक अट घातली: तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली जाणार असेल तर टाकीत किमान २० टक्के पेट्रोल हवं. टाकीतल्या मिश्रणात इथेनॉल किती झालंय, याची सूचना चालकाला डॅशबोर्डवर मिळते. बहुचर्चित दिवा तो हाच.

आता ती अट पुन्हा वाचा. किमान २० टक्के पेट्रोल, म्हणजे इथेनॉल ८० टक्क्यांपर्यंत चालेल. आपल्या ई-२० मध्ये प्रमाण नेमकं याच्या उलट आहे: पेट्रोल ८० टक्के आणि इथेनॉल २०. वीसचा आकडा दोन्हीकडे दिसतो म्हणून दोन्ही गोष्टी एक ठरत नाहीत. त्या बाइकच्या हिशेबाने आपलं ई-२० हे थंडीसाठी पुरून उरेल एवढं पेट्रोल असलेलं इंधन आहे. ते भरल्यावर इशारा देण्याचं कारणच उरत नाही. शिवाय ब्राझीलमध्ये ‘पेट्रोल’ म्हणून जे विकलं जातं त्यातही इथेनॉल असतंच. २०१५ पासून ते २७ टक्के होतं आणि ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के झालं. क्युरिटिबा किंवा पोर्तो आलेग्रे या दक्षिणेकडच्या शहरांत जून-जुलैच्या पहाटे निफाडच्या थंडीची आठवण करून देतील अशा असतात. तिथेही साध्या पेट्रोलच्या गाड्या, म्हणजे २७-३० टक्के इथेनॉलवरच्या गाड्या, कोणत्याही जादा टाकीशिवाय सुरू होतात. ब्राझीलचा पुरावा मांडायचाच असेल तर तो एवढा मांडावा लागेल.

यामागचं कारण असं: इंजिनमध्ये द्रव इंधन पेटत नाही, त्याची वाफ पेटते. थंडीत सगळा प्रश्न पुरेशी वाफ होण्याचा असतो. शुद्ध इथेनॉलच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेट घेईल एवढी वाफ जमायला साधारण १३ अंश तापमान लागतं; पेट्रोलला शून्याखाली ४० अंशांनाही अडचण येत नाही. एवढंच वाचून लोक हिशेब करतात की वीस टक्के इथेनॉल म्हणजे वीस टक्के अडचण. मिश्रणाचं रसायन असं सरळ बेरजेने चालत नाही. पेट्रोलमध्ये थोडं इथेनॉल मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास तो सर्वांत जास्त असतो, मग हळूहळू उतरतो, आणि मूळ पेट्रोलच्या पातळीखाली जायला इथेनॉलचं प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांच्या घरात जावं लागतं. म्हणजे वाफ होण्याच्या बाबतीत ई-२० हे साध्या पेट्रोलपेक्षा मागे नाही. पेट्रोलमधले हलके घटक थंडीतही उडतात, पहिली ठिणगी तेच पकडतात आणि इंजिन सुरू होतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सॅनिटायझर तळहातावर घेतलं की गार लागतं, कारण अल्कोहोल उडून जाताना हाताची उष्णता घेऊन जातं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता लागते. त्यामुळे थंड इंजिनात ई-२० सुरू झालं, तरी पहिला अर्धा-एक मिनिट इंजिन थोडं नाराज राहू शकतं. दुसरी गोष्ट हवेच्या प्रमाणाची. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. ई-१० साठी, म्हणजे दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, हा आकडा १४.१ च्या आसपास येतो आणि ई-२० साठी १३.५ च्या. म्हणजे ई-१० साठी जुळवलेल्या गाडीत ई-२० टाकलं तर मिश्रणात इंधन सुमारे चार टक्के कमी पडतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ बाइकमध्ये सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर ही तूट ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा संगणक, इंधन वाढवतो. पण सेन्सर तापेपर्यंत ईसीयू ठरलेल्या कोष्टकावरच चालतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना तर सेन्सरच नाही. अशा गाडीला ई-२० वर चोक थोडा जास्त वेळ ओढावा लागेल, हे मान्य करायला हवं. मात्र चोक थोडा जास्त वेळ ओढावा लागणं आणि गाडी सुरूच न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या गाड्यांतल्या रबरी भागांचा प्रश्नही खरा आहे. काही जुन्या गाड्यांत असे भाग २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात सांगितलं. पण तो प्रश्न उन्हाळ्यातही तितकाच असतो. त्याचा थंडीशी संबंध नाही.

मग थंडीत गाडी खरंच रुसते ती कशामुळे? बहुतेक वेळा बॅटरीमुळे. लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता २५ अंशांच्या तुलनेत शून्य अंशाला सुमारे ८० टक्के उरते. त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे स्टार्टर मोटरला जोर मात्र जास्त लावावा लागतो. नवी बॅटरी हे पेलते. तीन-चार वर्षांची, रोज दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत कधीच पूर्ण चार्ज न झालेली बॅटरी पेलत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीला किक मारून वेळ निभायची. आता इंधनाचा पंप, इंजेक्टर आणि ईसीयू हे सगळं बॅटरीवर चालतं, आणि अनेक बाइकवर किक राहिलेलीच नाही. हा बदल २०२० साली झाला. ई-२० पंपांवर यायला लागलं २०२३ पासून. दोन्ही गोष्टी जवळजवळ आल्या म्हणून एकीचा दोष दुसरीवर ढकलला गेला, एवढंच. बॅटरी तपासायला मल्टिमीटर लावून दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं न देता इंधनाला शिव्या देणं हा निव्वळ आळस आहे.

दिव्यांबद्दलही बराच घोळ आहे. किल्ली फिरवल्यावर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, तो बिघाडाचा नसतो. यंत्रणा स्वतःची तपासणी करत असते. पंप गुणगुणतो, नळीत इंधनाचा दाब तयार होतो आणि काही गाड्यांत दोन-तीन सेकंदांनी, काहींत इंजिन सुरू झाल्यावर दिवा विझतो. गाडी चालू असताना तो पेटलेलाच राहिला तरच तो बिघाड सांगतो, आणि तेव्हा स्कॅनर लावून कोड वाचायचा असतो, अंदाज बांधायचा नसतो. एबीएसचा दिवा तर गाडी थोडी पुढे सरकल्याशिवाय विझतच नाही, कारण चाकांचे सेन्सर फिरल्यावरच तपासले जातात. काही महागड्या बाइकवर तापमान ३-४ अंशांवर आलं की बर्फाच्या स्फटिकाचं चिन्ह दिसतं. ते रस्ता निसरडा असण्याची सूचना देतं, इंजिनाशी त्याचा काही संबंध नाही. भारतातल्या सर्वसामान्य बाइकवर ‘थंडीत इथेनॉल जास्त झालं’ असा इशारा देणारा दिवा नाही, कारण ई-२० ला त्याची गरज नाही.

आता ॲव्हरेज. इथे तक्रारीला आधार आहे, पण आकडे फुगवून सांगितले जातात. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. हिशेब केला तर ई-२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के आणि ई-१० पेक्षा साडेतीन टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात ई-१० साठी जुळवलेल्या दुचाकींची घट ३ ते ४ टक्के दिली आहे, म्हणजे दोन्ही गोष्टी जुळतात. पन्नासचं ॲव्हरेज देणारी गाडी अठ्ठेचाळीसवर येईल. ‘पन्नासचं चाळीस झालं’ म्हणणाऱ्यांनी एक साधा विचार करावा: ई-१० मधलं आणखी दहा टक्के पेट्रोल काढून त्या जागी ऊर्जा शून्य असलेलं पाणी जरी घातलं असतं, तरी घट दहा टक्क्यांच्या आसपासच थांबली असती. वीस टक्के घट झाली असेल तर बाकीचा चोर दुसरीकडे आहे, आणि थंडीत तो बरेचदा थंडीच असते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकड्यांनुसार पेट्रोल मोटारीचं शहरातलं ॲव्हरेज २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांना सुमारे १५ टक्क्यांनी घटतं, आणि पाच-सहा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्यांत २४ टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, पण कारणं तीच: थंड इंजिनाला जादा इंधन लागतं, ऑइल घट्ट असतं, आणि ४० अंशांच्या मानाने १० अंशांची हवा सुमारे दहा टक्के दाट असल्याने वाऱ्याचा विरोधही तेवढाच वाढतो. त्यात दुपारी ३५ अंशांत २९ पीएसआय भरलेला टायर पहाटे १५ अंशांत २६ पीएसआयच्या जवळ येतो. हिवाळ्यात ॲव्हरेज वाढवायचं असेल तर सकाळी, टायर थंड असताना हवा तपासा, चेनला ऑइल द्या आणि दोन-तीन छोटी कामं एकाच फेरीत उरका. इंजिन एकदा तापलं की त्याचा फायदा पुढच्या प्रत्येक किलोमीटरला मिळतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘गाडी पाच मिनिटं उभ्यानेच गरम करायची’: फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला तीस सेकंद पुरतात, नंतर हळू चालवत गरम करावी, उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं. ‘सुरू करताना ॲक्सिलरेटर पिळायचा’: हवा आणि इंधन किती, ते ईसीयू ठरवतो, तुमची मदत त्याला नको असते. ‘नायट्रोजन भरला की थंडीत दाब उतरत नाही’: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत आकुंचनाचा नियम दोघांना सारखाच लागू पडतो. ‘प्रीमियम पेट्रोलमध्ये ताकद जास्त’: ऑक्टेन जास्त म्हणजे इंधन अवेळी पेटत नाही, ऊर्जा जास्त असते असं नाही.

इतका खटाटोप कशासाठी, असं कोणी विचारेल. तक्रार थोडी चुकीची असली म्हणून काय बिघडलं? बिघडतं ते असं की चुकीच्या तक्रारीला सहज उडवून लावता येतं आणि तिच्यासोबत खरी तक्रारही वाहून जाते. ब्राझीलच्या चालकाला पंपावर निवड असते. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते परवडतं, हा हिशेब तिथे सर्वांना पाठ असतो. आपल्याकडे निवडही नाही आणि कमी ऊर्जेच्या इंधनाला कमी दरही नाही. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात म्हटलं होतं की कमी उष्मांकाची भरपाई म्हणून अशा इंधनाचा किरकोळ दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी हवा. आता इथेनॉलच पेट्रोलपेक्षा महाग पडतं, असं सरकारचं उत्तर आहे. त्या उत्तरावर वाद घालता येतो, आणि घालायलाच हवा: लिटरमागे साडेतीन टक्के ऊर्जा कमी मिळत असेल तर तेवढे पैसे ग्राहकाने का मोजावेत? हा प्रश्न आकड्यांनिशी उभा राहतो. ‘थंडीत इथेनॉल पेटत नाही’ ही तक्रार मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. ती सोडून द्यावी, बॅटरी तपासून घ्यावी आणि दराचा प्रश्न लावून धरावा.