हाक, हात, दोरी, होडी. उडी सगळ्यांत शेवटी

वेल्समधल्या बाला गावाजवळची ट्रवेरिन नदी लिन केलिन धरणातून सोडलेल्या पाण्यावर खळाळते. १९६५ मध्ये या धरणात कापेल केलिन हे गाव बुडाले. आज धरणाखालच्या प्रवाहात कयाक चालवणारे हौशी क्लब शनिवार-रविवार गाठून येतात. त्यांच्या बचाव-शिबिरांत नदी उतरणे दुय्यम असते. सभासद आळीपाळीने मुद्दाम पाण्यात पडतात आणि बाकीचे त्यांना बाहेर काढतात. अशा शिबिरांत धाडस शिकवले जाते, असा समज आहे. माझ्या मते तिथे शिकायचा असतो तो संयम: बुडणारा दिसताच झेप घेण्याची ऊर्मी आवरणे. मदतीचा क्रम ठरलेला असतो आणि मराठीत तो पाच शब्दांत मावतो: हाक, हात, दोरी, होडी, उडी. उडी सगळ्यांत शेवटी.

या क्रमाचा कणा म्हणजे थ्रो बॅग. कापडी पिशवीत पंधरा-वीस मीटर तरंगती दोरी कोंबून भरलेली असते. वेटोळे घातले की गुंता होतो. कोंबलेली दोरी मात्र सरसर सुटते. फेकणाऱ्याने आधी हाक मारून बुडणाऱ्याची नजर आपल्याकडे वळवायची, मग पिशवी त्याच्या अंगावरून पलीकडे जाईल अशी फेकायची. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, कारण ओढ वाढली तर ती सोडून देता आली पाहिजे. पडलेल्याने खांद्यावरून दोरी धरून उताणे व्हायचे. प्रवाहच त्याला काठाकडे आणतो. दोरी हाती लागेपर्यंतही उताणेच राहायचे, पाय पुढे आणि वर. वाहत्या पाण्यात उभे राहू पाहणाऱ्याचा पाय खडकांच्या फटीत अडकतो, आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. हे सारे ऐकायला सोपे आहे. पण ते पाच-दहा सेकंदांत जमावे लागते, म्हणून दोन दिवस तेच ते पुन्हा करायचे.

सराव नसल्याची किंमत मोठी असते. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडच्या लाइम बे किनाऱ्यावर शाळकरी मुलांचा गट कयाक घेऊन समुद्रात गेला. एक कयाक पुन्हा पुन्हा उलटत राहिली, ती सावरण्यात एक प्रशिक्षक गुंतला आणि बाकीचा गट भरकटत दूर गेला. चार मुले दगावली. त्यातून १९९५ मध्ये साहसी उपक्रम-केंद्रांसाठी कायदा आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये वेल्समधल्या हॅव्हरफर्डवेस्ट गावात पॅडलबोर्डवरचे चार जण बंधाऱ्याखालच्या घोळात सापडून मरण पावले. त्यांतला एक जण सुखरूप बाहेर आला होता. तो इतरांना वाचवायला पुन्हा पाण्यात शिरला. त्याच्या मनाचा मोठेपणा निर्विवाद आहे. पण बंधाऱ्याखाली पाणी उलटे फिरते आणि माणसाला पुन्हा पुन्हा आत खेचते. तिथे मोठ्या मनाचाही निभाव लागत नाही.

दोन दिवसांच्या शिबिराने फाजील आत्मविश्वास येतो, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. सराव थांबला की हातातले कसब विरते, म्हणून उजळणी हवीच. पण चांगल्या शिबिरात फसलेली फेक आणि निसटलेली दोरी माणसाला आपली मर्यादा दाखवून देते. ‘आम्ही पट्टीचे पोहणारे’ असे म्हणणाऱ्याने लक्षात घ्यावे की तलावातले पोहणे आणि पुरातले वाहणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आणि बचाव हे अग्निशमन दलाचे काम आहे म्हणावे, तर पाण्याखाली गेलेल्या माणसाकडे मोजकी मिनिटे असतात. त्या मिनिटांत जवळ असतात ते सोबतीच.

आपल्याकडे कोलाडची कुंडलिका नदीही ट्रवेरिनसारखी सोडलेल्या पाण्यावर चालते. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून उतरते आणि त्यावर राफ्टिंग होते. तिथे प्रवाशांसोबत वाटाडे असतात. पण पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांच्या काठी जाणाऱ्या आपल्या गटांसोबत कोणीच नसते, आणि एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याची बातमी आपल्याला नवी नाही. प्रत्येक ट्रेकिंग गटाने, पोहण्याच्या प्रत्येक मंडळाने पावसाळ्याआधीचे दोन दिवस या सरावाला द्यावेत. सोबत तरंगती दोरी ठेवावी आणि ती फेकायचा हात तयार ठेवावा.