सुरक्षित मोटार : तिचा भरंवसा आणि तिचा खर्च

द्राक्षाचा किंवा कांद्याचा हंगाम बरा गेला म्हणजे घरांत मोटारगाडी घेण्याची गोष्ट निघते. पूर्वीं अशा वेळीं "लिटरला किती चालते?" एवढा एकच प्रश्न विचारीत. हल्लीं त्याच्या जोडीस "किती ताऱ्यांची आहे?" हा दुसरा प्रश्न ऐकूं येतो. हा बदल इष्टच आहे. परंतु ज्या गाडीस तारे जास्त ती टिकाऊही असेल, तिची दुरुस्ती कमी निघेल आणि खर्च बेताचा येईल, असें पुष्कळ लोक गृहीत धरून चालतात. तें बरोबर नाहीं. अपघातांत माणूस वांचविणें हा एक गुण आणि रोज विनातक्रार चालणें हा दुसरा गुण. दोहोंची चौकशी निरनिराळी करावी लागते, हें दाखविण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

मी वांद्रे (पूर्व) येथील मुंबई उपनगर जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कचेरींत लेखनिक होतों. सेवानिवृत्तीनंतरही राहणें वांद्र्यासच आहे. शेती मात्र निफाड तालुक्यांत असल्यामुळें महिन्यांतून एकदोन खेपा होतात. गाडी २०२० सालीं घेतली. ती पेट्रोलवर चालणारी असून सुरक्षिततेबद्दल नांवाजलेल्या एका कंपनीची आहे. कंपनीचें नांव येथें देत नाहीं. एका गाडीच्या अनुभवावरून कोणास बोल लावणें किंवा कोणाची भलावण करणें योग्य नव्हे. महसूल खात्यांतील सवयीप्रमाणें पहिल्या दिवसापासून खर्चाची वही मात्र ठेवली आहे.

ताऱ्यांचा अर्थ

आपल्याकडे व्होल्वो म्हटलें कीं मुंबई-पुण्याची आरामबस डोळ्यांपुढें येते. ह्याच नांवाच्या स्वीडनमधील मोटार-कंपनीच्या निल्स बोलिन या अभियंत्यानें १९५९ सालीं खांद्यावरून व कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा काढला, आणि कंपनीनें तो इतर कारखानदारांसही मोकळेपणानें वापरूं दिला. आज प्रत्येक मोटारींत जो पट्टा असतो तो हाच.

आपल्या देशांत ही गोष्ट लोकांच्या मनावर ठसण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. २०१४ च्या जानेवारींत ग्लोबल एन्‌कॅप या संस्थेनें येथें विकल्या जाणाऱ्या पांच लहान मोटारींच्या चांचणीचा निकाल जाहीर केला. मारुतीची आल्टो ८००, टाटांची नॅनो, ह्युंदाईची आय-१०, फोर्डची फिगो आणि फोक्सवॅगनची पोलो या त्या पांच होत. पांचांसही मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठीं शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅगा बसविलेल्या पोलोस मात्र त्याच वेळीं चार तारे मिळाले. पुढें २०१८ च्या डिसेंबरांत रांजणगांवच्या कारखान्यांत बनणाऱ्या टाटांच्या नेक्सॉन गाडीनें पांच तारे मिळविले. भारतांत बनलेल्या गाडीस हा मान प्रथमच मिळत होता. २०२० च्या जानेवारींत नाशिकास बनणाऱ्या महिंद्रांच्या एक्सयूव्ही ३०० या गाडीसही पांच तारे मिळाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एन्‌कॅप ही सरकारी चांचणी सुरू झाली आहे.

या हकीकतींत दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी कीं, नॅनो आणि नेक्सॉन या एकाच कंपनीच्या गाड्या. एकीस शून्य तारे, दुसरीस पांच. तारे कंपनीस नसतात, विवक्षित गाडीस असतात. दुसरी अशी कीं, २०१८ सालीं नेक्सॉनला मोठ्या माणसांसाठीं पांच तारे मिळाले असले तरी लहान मुलांसाठीं तीनच होते. ज्या घरांत नातवंडें आहेत त्यानें दोन्ही आंकडे विचारावेत.

चांचणी कशी होते तेंही थोडक्यांत सांगतों. गाडींत माणसाच्या वजनाच्या बाहुल्या बसवून ती ताशीं ६४ किलोमीटर वेगानें एका अडथळ्यावर नेतात. तिच्या रुंदीचा सुमारें ४० टक्के भाग त्यावर आदळतो. बाहुल्यांच्या डोक्यास, छातीस व पायांस किती मार बसला आणि माणसें बसतात तो सांगाडा शाबूत राहिला कीं दुमडला, हें मोजतात. बाजूनें धडक देऊनही पाहतात. म्हणजे ही परीक्षा एका क्षणाची आहे. त्या गाडीचा क्लच किती वर्षें टिकेल, सुटा भाग किती दिवसांत मिळेल, गांवापासून दुरुस्तीचें ठिकाण किती लांब, यांतलें कांहींही ती सांगत नाहीं. बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों तशी चालही पाहतों. नुसत्या दांतांवर सौदा करीत नाहीं.

रोजच्या चालण्याचा भरंवसा

माझ्या गाडीचें इंजिन पांच वर्षांत एकदांही वाटेंत बंद पडलें नाहीं. त्रास झाला तो बारीकसारीक वस्तूंचा. पुढचा पडदा मध्येंच काळा होई. टायरमधील हवा ठीक असतां ती कमी असल्याचा इशारा लागे. मागच्या दाराचें कुलूप पावसाळ्यांत अडे. या तक्रारी गाडी थांबविणाऱ्या नव्हत, पण प्रत्येकीसाठीं अर्धा दिवस मोडतो. गाडींत विजेचीं उपकरणें जितकीं जास्त तितकीं अशीं कामेंही जास्त, हा अनुभव आहे. यासाठीं कंपनीकडून वॉरंटी वाढवून घेणें मला फायद्याचें वाटलें.

जागेचाही परिणाम होतो. वांद्र्याच्या गर्दींत क्लच व ब्रेक लौकर झिजतात, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेनें गाडीच्या पोटाखालीं गंज धरतो. पावसाळ्यापूर्वीं तेथें गंजरोधक लेप द्यावा लागतो. गांवाकडे धूळ फार, म्हणून हवेची जाळी वेळेआधीं साफ करावी लागते.

डिझेलच्या गाडीबद्दल विशेष सांगणें अवश्य आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी-एस सहा नियमांमुळें डिझेल मोटारींच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी गाळणी असते. गाडी मोकळ्या रस्त्यावर कांहीं वेळ एकसारख्या वेगानें चालली म्हणजे ती काजळी जळून जाते. परंतु जो मनुष्य घरापासून मळ्यापर्यंत चार किलोमीटर जाऊन परत येतो त्याची गाळणी तुंबते, इशाऱ्याचा दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केल्यास मोठें बिल येतें. अशा मालकानें पेट्रोलची गाडी घेणें बरें.

पेट्रोलमध्यें आतां आपल्याच उसाचें इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत मिसळलें जातें. शेतकऱ्यास त्याचा आनंद आहेच. पण मालक या नात्यानें हिशेबही ठेवावा. जुन्या धर्तीच्या चारचाकी गाड्यांत यामुळें सरासरी ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत दिला होता. एप्रिल २०२३ पूर्वींची गाडी असल्यास तिच्या माहितीपुस्तकांत इथेनॉलचें कोणतें प्रमाण चालतें तें पाहून घ्यावें.

खर्चाची वही

पांच वर्षांत गाडी ६०,००० किलोमीटर चालली. वहींतील रकमा सोयीसाठीं पूर्णांकांत करून देतों.

गाडीच्या किमतींतील घट (१० लाखांस पडली, आतां ५ लाख येतील) : ५,००,००० रुपये
पेट्रोल, लिटरला १५ किलोमीटर व १०० रुपये या सरासरीनें : ४,००,०००
विम्याचे हप्ते : १,२५,०००
टोल, पार्किंग, धुलाई : ६०,०००
ठराविक सर्व्हिस : ४५,०००
अकल्पित दुरुस्ती : ३६,०००
चार टायर : २८,०००
बॅटरी : ६,०००
एकूण : १२,००,००० रुपये

म्हणजे किलोमीटरला २० रुपये पडले. त्यांत पेट्रोलचा वांटा एक तृतीयांशच आहे. आपण पंपावर एक रुपया वाढला तर हळहळतों, पण सर्वांत मोठा खर्च गाडी उभी असतांही होत असतो. हीच गाडी निम्मी चालली असती तर किलोमीटरला ३० रुपयांच्या आसपास पडले असते. ज्याचें काम वर्षांतून चार खेपांचें आहे त्यानें भाड्याची गाडी करणेंच शहाणपणाचें.

आतां सुरक्षिततेची किंमत याच मापानें मोजूं. जास्त एअरबॅगांची, अधिक ताऱ्यांची गाडी घेण्यासाठीं समजा ६०,००० रुपये जास्त मोजले. माझ्या अंतरावर तो किलोमीटरला एक रुपया झाला. वीस रुपयांतील हा एक रुपया कशासाठीं, याचें उत्तर मला २०२४ सालीं मिळालें.

एका रात्रीची हकीकत

फेब्रुवारी महिन्यांत आम्ही चौघे एका लग्नाहून रात्रीं परत येत होतों. पुढें मी व माझा पुतण्या, मागें माझी पत्नी व थोरली बहीण. तिघांनीं पट्टे लावले होते. ताईंना पत्नीनें दोनदां सांगितलें, तेव्हां "मागें बसणारास कशाला लागतो गं पट्टा?" असें म्हणून त्यांनीं तो बाजूस सारला. पिंपळगांव बसवंतच्या अलीकडे एका गांवरस्त्यावर कांद्याची भरलेली ट्रॉली कडेस उभी होती. तिला मागें दिवा नव्हता कीं रेडियमची पट्टी नव्हती. ती दिसली तेव्हां अंतर थोडें राहिलें होतें. ब्रेक दाबून गाडी वळविली तरी डावा कोपरा ट्रॉलीवर आदळला.

पुढच्या दोन्ही एअरबॅगा फुगल्या. मला व पुतण्यास खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. पत्नीच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला, तो आठवड्यांत गेला. ताई मात्र पुढच्या आसनावर फेंकल्या गेल्या. त्यांचा उजवा हात दोन ठिकाणीं मोडला. हात अद्याप पुरता वर जात नाहीं, आणि भाकरी थापणें तेव्हांपासून बंद झालें आहे. गाडी तीच, धडक तीच. ताऱ्यांचा उपयोग तिघांस झाला, चौथीस झाला नाहीं.

हें एकट्याचें उदाहरण नव्हे. वांद्र्याहून निघणारा पश्चिम द्रुतगति मार्ग पुढें ज्या मुंबई-अहमदाबाद रस्त्यास मिळतो, त्यावर पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजीं उद्योगपति सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी अपघातांत मरण पावले. गाडी उत्तम जर्मन बनावटीची होती. दोघेही मागें बसले होते व पोलिसांच्या सांगण्याप्रमाणें त्यांनीं पट्टे लावले नव्हते. पुढें बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, परंतु वांचले. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईंत मागच्या प्रवाशांवरही पट्ट्याची सक्ती पोलिसांनीं अमलांत आणली. पट्टा न लावल्यास कायद्यानें १,००० रुपये दंड आहे.

विमा आणि पाणी

अपघातानंतर गाडी नऊ आठवडे कारखान्यांत पडून होती, कारण एअरबॅगांचा संच वेळेवर आला नाहीं. बिल मोठें झालें. साध्या विम्यांत प्लॅस्टिक, रबर, बॅटरी व एअरबॅगा यांच्या किमतीपैकीं ५० टक्के घसारा म्हणून कापतात. सुरक्षित गाडींत एअरबॅगा जास्त, म्हणून ही कपातही जास्त. मीं थोडा जादा हप्ता भरून "झीरो डेप" ही सवलत घेतली होती म्हणून निभावलें.

दुसरी जोड इंजिनाच्या संरक्षणाची. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या वेळीं वांद्र्याच्या सखल भागांत बुडालेल्या मोटारी मीं पाहिल्या आहेत. पाण्यांत बंद पडलेल्या गाडीची किल्ली फिरविली कीं पाणी इंजिनांत ओढलें जातें व आंतील दांडे वांकतात. हें नुकसान साधा विमा बहुधा नाकारतो. नदीकांठच्या गांवांतही ही गोष्ट लागू आहे. पाण्यांतील गाडी सुरू करूं नये. ढकलून किंवा ओढून न्यावी.

सूचना

१. तारे पाहतांना गाडीचें नेमकें नांव, चांचणीचें साल, आणि मोठ्यांचे व मुलांचे असे दोन्ही आंकडे विचारावेत.
२. टिकाऊपणाची चौकशी विक्रेत्याकडे करूं नये. आपल्याच तालुक्यांत ती गाडी तीन वर्षें वापरलेल्या दोघांतिघांकडे करावी. सुटा भाग किती दिवसांत मिळाला हा प्रश्न अवश्य विचारावा.
३. कारखाना घरापासून किती लांब तें पाहावें. उत्तम गाडीही दुरुस्तीस शंभर किलोमीटर नेणें परवडत नाहीं.
४. वही ठेवावी. नुसत्या पेट्रोलच्या पावत्यांवरून खर्च कळत नाहीं.
५. मागें बसणारानें पट्टा लावल्याशिवाय गाडी हलवूं नये, मग तो वडीलधारा का असेना. त्या रात्रीं ताईंना बोलण्याचा संकोच मीं केला, हा माझा दोष आहे.
६. शेवटची सूचना मोटार असो वा नसो, सर्व बंधूंसाठीं आहे. आपल्या ट्रॉलीस व बैलगाडीस मागें रेडियमची पट्टी लावावी, आणि ट्रॉली रात्रीं रस्त्यावर उभी करूं नये. ट्रॉलीस लाल दिवाही असावा. ही पट्टी थोडक्या पैशांत येते. त्या रात्रीं ती लाविलेली असती तर ट्रॉली मला दुरून दिसली असती.