चार पंखांचा माळा

उभ्या मक्याच्या शेताला बांधावरून फेरी मारली, तर सगळं जागच्या जागी दिसतं. पाती हिरवी, कणसं भरलेली. आणि त्याच शेताच्या पोटात रानडुकरांनी खळ्याएवढी जागा आडवी करून ठेवलेली असते. मका किंवा ऊस राखणाऱ्या माणसाला हे दुःख चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर आपल्याकडे माळा घालायची रीत पडली: चार मेढी, वर फळ्या, हातात गोफण. माळ्यावरून नजर लांबवर पोचते, पण ती तिरकी जाते. शेताच्या पोटात डोकावायचं तर थेट त्याच्या डोक्यावरच जायला हवं.

गेल्या दिवाळीत मी आणि माझा भाचा ओसरीवर असाच एक माळा, म्हणजे ड्रोन, बांधायला बसलो. मेढींच्या जागी चार दांडे, प्रत्येकाच्या टोकाला एक मोटर आणि तिच्यावर दहा इंची पंखा. मधोमध काड्यापेटीएवढा फ्लाइट कंट्रोलर, वर जीपीएसची चकती, पोटाशी बॅटरी आणि कॅमेरा. सगळं मिळून वजन दीड किलोच्या आत. चार मोटरी मिळून याच्या दुपटीएवढा भार उचलतील अशा निवडायच्या असतात. निम्मा जोर तरंगण्यात जातो, उरलेला सावरायला लागतो.

या मोटरींना तीन-तीन तारा असतात. पंखे न लावता चाचणी घेतली, तेव्हा आमची एक मोटर उलटी फिरत होती. भाच्याने तिच्या तीनपैकी दोन तारा अदलाबदल करून पुन्हा सोल्डर केल्या आणि मोटर सुलट फिरू लागली. ही दिशा फार महत्त्वाची. पंखा एका बाजूला फिरला की तो चौकटीला उलट बाजूला ढकलतो. म्हणून दोन पंखे घड्याळाच्या काट्यांसारखे फिरतात आणि दोन त्यांच्या उलट. समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकाच दिशेची जोडी. दोन्ही जोड्यांचा पीळ एकमेकांना मारतो. तोंड वळवायचं असेल तर एका जोडीचा वेग वाढवायचा, दुसरीचा तेवढाच उतरवायचा. उचल तीच राहते, पीळ मात्र उरतो आणि ड्रोन जागेवर वळतो. सुकाणू नाही, शेपूट नाही. चार वेगांचा हिशोब, बस्स.

हा हिशोब माणसाला जमणारा नाही. १९०७ साली फ्रान्समध्ये लुई ब्रेगे यांचं चार पंख्यांचं यंत्र जमिनीवरून उचललं गेलं, तेव्हा ते कलंडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार माणसं धरून उभी होती. १९२४ मध्ये एतिएन एमिशेन यांनी एक किलोमीटरचा फेरा पुरा केला, पण त्यासाठी चार मोठ्या पंख्यांच्या जोडीला आठ लहान पंखे लावावे लागले. त्या चार माणसांचं काम आता नखाएवढी चिप करते.

तिच्या आत डोळ्याला न दिसणारे सिलिकॉनचे इवलेसे तुकडे सेकंदाला हजारो वेळा थरथरत असतात. ड्रोन जरा वळला की थरथरणारा तुकडा किंचित बाजूला सरकतो आणि तेवढ्यावरून चिपला कळतं, किती आणि कुठे वळलो ते. त्या तुकड्याला सरकवणारा परिणाम म्हणजे कोरिओलिस. पृथ्वीच्या फिरण्यामुळे विषुववृत्त ओलांडून येणारे वारे उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून आपल्या किनाऱ्यावर येतात, तेही याच परिणामाने. ज्या नियमाने मृगाचा पाऊस दारात येतो, तोच नियम माझ्या मक्यावर ड्रोन तोलून धरतो. हे समजलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

फ्लाइट कंट्रोलरमध्ये आम्ही आर्डूपायलट ही फुकट मिळणारी, सर्वांसाठी खुली प्रणाली घातली. ती सेकंदाला ४०० वेळा तोल तपासते. हवेचा दाब मीटरभर उंचीला सुमारे १२ पास्कलने उतरतो, त्यावरून ती उंची ओळखते. वीस हजार किलोमीटर वरच्या उपग्रहांच्या संदेशांवरून जागा ओळखते. वाऱ्याची झुळूक आली की आपल्याला दिसायच्या आत पंख्यांचे वेग बदललेले असतात. खालून पाहणाऱ्याला ड्रोन हवेत खिळल्यासारखा वाटतो. खरं तर तो सतत ढळत असतो आणि सतत सावरत असतो.

आता डोळ्याचं गणित. कॅमेऱ्याचा आवाका ९० अंशांचा असेल, तर जमिनीची जेवढी रुंदी दिसते ती उंचीच्या दुप्पट. पन्नास मीटरवरून शंभर मीटर. फोटो चार हजार बाय तीन हजार ठिपक्यांचा असेल, तर एका फोटोत सुमारे ७४ गुंठे मावतात आणि प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला अडीच सेंटिमीटर जमीन येते. मीटरभर लांबीचं डुक्कर म्हणजे चाळीस ठिपके. ओळखायला पुरेसे.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. आपलं रान हिरव्या क्षेत्रात आहे का, हे नकाशावर पाहावं लागतं; तिथेही मर्यादा ४०० फुटांची. ड्रोन नजरेआड जाऊ द्यायचा नाही. आणि शेजाऱ्याच्या अंगणावर कॅमेरा फिरवायचा नाही, हे तर नियमाआधीचं शहाणपण.

पहिल्याच उड्डाणात, पन्नास मीटरवरून, मक्याच्या मधोमध तीन पिवळसर खळगे दिसले आणि ओढ्याकडून त्यांच्यापर्यंत आलेली एक बारीक पायवाट. डुकरं कुठून येतात हे बांधावरून कधी कळलं नव्हतं. बारा मिनिटांत बॅटरी उतरली आणि ड्रोन आपणहून निघाल्या जागी येऊन टेकला.

रात्रभराची राखण त्याला जमणार नाही. ती अजून माणसाचीच. त्या संध्याकाळी आम्ही आमच्या जुन्या माळ्याच्या मेढी उपटल्या आणि ओढ्याच्या तोंडाशी नेऊन रोवल्या.