पदवीनंतरचा पशुवैद्य

भारतातील पशुवैद्यकीय शिक्षणाची घडण मुख्यतः गाय-बैल, म्हैस, घोडा, शेळी-मेंढी आणि कोंबडी यांच्याभोवती झालेली आहे. परळ येथे १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेव्हा घोडे आणि बैल यांच्यावाचून शहराची वाहतूक चालत नव्हती, आणि पुढे शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांची यंत्रणा उभी राहिली तीही शेतकऱ्याच्या गोठ्यासाठी. आज मुंबई-पुण्यातील खासगी दवाखान्यात येणारे रुग्ण प्रामुख्याने कुत्री आणि मांजरे असतात. पदवीच्या अभ्यासक्रमात हे प्राणी येतात खरे. परंतु अनेक प्रजातींचे शरीरशास्त्र, रोग व शस्त्रक्रिया आणि त्यांच्या जोडीला पशुसंवर्धन, दूध व मांस यांची तपासणी हे सर्व ठरावीक वर्षांत बसवावयाचे असल्याने मांजराच्या वाट्याला फारसे काही उरत नाही, आणि शहरात व्यवसाय करणाऱ्या पशुवैद्याला आपल्या रोजच्या रुग्णांविषयीचे बरेचसे ज्ञान पदवीनंतरच मिळवावे लागते.

निरंतर शिक्षण म्हणतात ते हेच: नोंदणी होऊन व्यवसाय सुरू झाल्यानंतर परिषदा, कार्यशाळा, नियतकालिकांचे वाचन किंवा अनुभवी शल्यचिकित्सकाच्या हाताखाली काही दिवस केलेले काम यांतून घेतलेले शिक्षण. त्याची जाहिरात बहुधा नव्या यंत्रांच्या आणि नव्या औषधांच्या नावाने होते. प्राण्याच्या बाजूने पाहिले तर मात्र त्याचा मोठा लाभ वेगळाच आहे, तो म्हणजे वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली एखादी पद्धत आता अपुरी किंवा चुकीची ठरली आहे, हे त्यातून कळते.

लसीकरणात हे सर्वांत स्पष्ट दिसते. पार्व्हो या विषाणूचा आजार कुत्र्यांमध्ये १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. सततच्या उलट्या, रक्तमिश्रित हगवण आणि शरीरातील पाणी आटणे यांमुळे लहान पिल्ले त्यात झपाट्याने दगावतात. लस टोचूनही काही पिल्लांना हा आजार का होतो, याचे एक महत्त्वाचे कारण आईच्या चिकात आहे. जन्मल्यावर पिल्लू जो चीक पिते त्यातून त्याला आईची प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना निष्प्रभ करणारी प्रथिने, मिळतात. तीच प्रतिपिंडे लसीतील क्षीण केलेल्या विषाणूलाही निष्प्रभ करतात, आणि ती रक्तातून केव्हा ओसरतील याचा काळ एकाच वेतातील दोन पिल्लांतही सारखा नसतो. बाराव्या आठवड्यालाच शेवटची मात्रा देऊन मोकळे होण्याच्या जुन्या पद्धतीत काही पिल्ले, कार्डावर सर्व नोंदी असूनही, असंरक्षित राहतात. म्हणून लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक सूचना शेवटची मात्रा सोळाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर देण्यास सांगतात, आणि पुढची मात्राही वर्षभर थांबण्याऐवजी सव्विसाव्या आठवड्याच्या सुमारास द्यावी असे सुचवतात. त्यानंतर पार्व्हो व डिस्टेंपर यांच्या लसी तीन वर्षांच्या आत पुन्हा टोचण्याची सहसा गरज नसते. लेप्टोस्पायरोसिसची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण त्या लसीने मिळणारे संरक्षण सुमारे वर्षभरच टिकते. उंदरांचा वावर आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी असलेल्या शहरात ती दरवर्षी देणेच इष्ट ठरते. रेबीजच्या लसीचे अंतर लसीवरील सूचना आणि स्थानिक नियम पाहून ठरते. सरसकट सर्व लसी दरवर्षी टोचण्याची पद्धत दवाखान्याच्या उत्पन्नाला सोयीची आहे, हेही येथे नमूद करणे भाग आहे. ती सोडण्यास नुसते ज्ञान पुरत नाही.

‘टिक फिव्हर’ या सैल नावाचेही असेच आहे. गोचिडीतून पसरणारे निरनिराळे रोग या एका नावाखाली येतात. त्यांतील एर्लिकिया हा जीवाणू असून त्यावर डॉक्सिसायक्लिन साधारणतः चार आठवडे द्यावे लागते, तर बाबेसिया हा तांबड्या रक्तपेशीत शिरणारा एकपेशीय परजीवी आहे आणि त्याच्या मोठ्या व लहान जातींना औषधेही निरनिराळी लागतात. मोठ्या जातीवर चांगला उपयोगी पडणारा इमिडोकार्ब ‘बाबेसिया गिब्सोनी’ या लहान जातीवर फारसा चालत नाही. तिच्यावर अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन एकत्र देण्याची पद्धत पुढे आली. कुत्र्याच्या कानाच्या कडेला सुई टोचून आलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर जोडीने बसलेले नासपतीच्या आकाराचे मोठे परजीवी आणि बारीक वलयासारखे लहान परजीवी यांतील फरक सरावलेल्या डोळ्याला पुष्कळदा दिसतो. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो कोणीतरी शेजारी बसून करून घेतलेला सराव, आणि तो व्याख्यानातून मिळत नाही.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे, हे वाक्य पशुवैद्यकात वारंवार ऐकू येते. पॅरासिटामॉलचे यकृतात सुरक्षित रूपांतर करण्याची क्षमता मांजरात अत्यंत तोकडी असल्यामुळे माणसाची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते. मांजर वेदना लपवते, म्हणून पूर्वी त्याला वेदनाशामक देण्यात कसूर होत असे. माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजपट्टीत कानांची ठेवण, डोळ्यांचे आकुंचन, मुस्कटाचा ताण, मिशांची दिशा आणि डोक्याची पातळी या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण दिले जातात, आणि दहापैकी चार किंवा अधिक गुण झाले तर वेदनाशामक देण्याचा विचार करावा लागतो. मांजरांतील ‘एफआयपी’ हा करोनाविषाणूजन्य आजार तर काही वर्षांपूर्वीपर्यंत जवळजवळ नेहमीच प्राणघातक मानला जाई; कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे नील्स पेडर्सन यांच्या गटाने तपासलेल्या विषाणूरोधक औषधाने, चौऱ्याऐंशी दिवसांच्या उपचारानंतर, अनेक मांजरे बरी होऊ लागली. ज्या पशुवैद्यापर्यंत ही माहिती पोचली नाही, तो आजही मालकाला वेदनारहित मृत्यूचाच सल्ला देण्याची शक्यता आहे.

केवळ हजेरीने हे साधते असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत पशुवैद्याला वर्षाला ३५ तास निरंतर शिक्षण बंधनकारक आहे, आणि तेथील नियामक संस्थेने २०२२ पासून, शिकलेल्या गोष्टीमुळे स्वतःच्या कामात काय बदलले याविषयीच्या चिंतनाची नोंदही आवश्यक केली आहे. तासांच्या हिशेबापेक्षा ही नोंद अधिक मोलाची आहे. औषध किंवा खाद्य कंपनीच्या खर्चाने झालेल्या व्याख्यानात, जेवण चांगले असले तरी, कमी औषधे कशी द्यावीत हा विषय क्वचितच निघतो.

ब्रिटनमध्ये पशुवैद्यकीय परिचारिकांनाही वर्षाला १५ तासांचे बंधन आहे. आपल्याकडे बिथरलेल्या मांजराला टॉवेलात गुंडाळून धरणारा, भूल दिलेल्या कुत्र्याच्या हिरड्यांचा रंग आणि श्वास यांवर लक्ष ठेवणारा मदतनीस बहुधा पाहून-पाहूनच शिकलेला असतो. वीज गेल्यावर लसींच्या फ्रिजचे तापमान दोन ते आठ अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेले किंवा काय, हे पुष्कळ दवाखान्यांत पहिल्यांदा त्याच्याच ध्यानात येते, परंतु अशा वेळी त्या लसी वापराव्यात की टाकून द्याव्यात हे त्याला कोणी शिकवलेले नसते.