जुनी मोटारसायकल आणि फ्युएल पंप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, भीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत, दुधाच्या कॅनपासून खताच्या गोणीपर्यंत सारे काही वाहून नेणाऱ्या राजदूत, येझदी आणि बुलेट या मोटारसायकलींपैकी ज्या अजून टिकून आहेत, त्या पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस अनेकांना असते. अशी गाडी चालता चालता बंद पडू लागली की ‘फ्युएल पंप गेला, बदलून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला नव्या गाड्यांच्या अनुभवातून आलेला असून जुन्या गाडीच्या बाबतीत तो बहुधा चुकीचा ठरतो आणि त्यापायी मालकाचा पैसा तर जातोच, शिवाय मूळ दोष तसाच राहतो.

गैरसमज १ : प्रत्येक मोटारसायकलला फ्युएल पंप असतो.

वस्तुस्थिती : राजदूत १७५, जावा, येझदी आणि कार्ब्युरेटरची बुलेट या गाड्यांना फ्युएल पंप नसतो. त्यांची टाकी कार्ब्युरेटरच्या वर असल्यामुळे पेट्रोल स्वतःच्या वजनाने कॉकमधून आणि पाइपमधून खाली उतरते. कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण करणारा भाग. त्याच्या तळाच्या वाटीत एक फ्लोट तरंगत असतो आणि वाटी भरली की तो एक बारीक नीडल वर ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो. परदेशी जुन्या गाड्यांत मात्र पंप आढळतो : १९७५ सालच्या होंडा गोल्डविंग जीएल १००० ची टाकी सीटखाली असल्याने तिला यांत्रिक पंप द्यावा लागला. भारतात हिरो होंडा ग्लॅमर एफआय (२००६), बजाज पल्सर २२० डीटीएस-एफआय (२००७) आणि रॉयल एनफिल्ड क्लासिक ५०० (२००९) या गाड्यांबरोबर इंजेक्शन, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आणि त्यासोबत टाकीतला विजेवर चालणारा पंप, हळूहळू रुळला. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर तो बहुतेक सर्व नव्या गाड्यांत आला.

गैरसमज २ : पेट्रोल पुढे जात नाही, म्हणजे पंप बसवावाच लागेल.

वस्तुस्थिती : पेट्रोल अडण्याची कारणे बहुतेक वेळा टाकीच्या झाकणापासून कार्ब्युरेटरच्या वाटीपर्यंतच्या हातभर वाटेतच सापडतात. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते; ते धुळीने किंवा रंगाने बुजले तर पेट्रोल उतरेल तसतशी टाकीत निर्वात पोकळी तयार होते, धार मंदावते आणि काही किलोमीटरवर इंजिन थांबते. झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज झाला आणि गाडी पुन्हा सुरू झाली, तर दोष झाकणात आहे हे निश्चित समजावे. त्यानंतर पाहण्याची जागा म्हणजे कॉक, कारण त्यावरची जाळी टाकीतल्या गंजाने भरते आणि आतले कॉर्कचे किंवा रबरी वॉशर सुकून, फुगून छिद्रावर सरकते. तपासणीची रीत सोपी आहे : पाइप कार्ब्युरेटरकडून काढून स्वच्छ बाटलीत सोडावा आणि कॉक उघडावा, धार सलग पडली तर दोष पुढे, कार्ब्युरेटरच्या नीडलमध्ये किंवा जेटमध्ये आहे, आणि धार तुटक पडली किंवा हळूहळू आटत गेली तर तो मागे, टाकी, झाकण किंवा कॉकमध्ये आहे.

गैरसमज ३ : नव्या गाडीचा पंप जुन्या गाडीला जोडला तर ती अधिक चांगली चालेल.

वस्तुस्थिती : टाकीतली पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरच्या साधारण ३० सेंटिमीटर वर असेल, तर तेवढ्या उंचीमुळे मिळणारा दाब सुमारे ०.०२ बार भरतो, तर इंजेक्शनच्या गाडीतला पंप सुमारे ३ बार, म्हणजे शंभरपटीहूनही अधिक दाब देतो. एवढ्या दाबापुढे फ्लोटचा नीडल टिकत नाही; कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडून आग लागण्याचा धोका निर्माण होतो. शिवाय अनेक जुन्या गाड्यांची विद्युतयंत्रणा ६ व्होल्टची असते, तर बाजारातले पंप १२ व्होल्टचे असतात.

गैरसमज ४ : बुलेटच्या आणि आरएक्स १०० च्या इंजिनावरचा पंप पेट्रोलचा असतो.

वस्तुस्थिती : तो ऑइलचा पंप आहे. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये टायमिंगच्या बाजूला दोन छोटे पंप असतात. एक इंजिनाला ऑइल पुरवतो आणि दुसरा तळाशी साचलेले ऑइल परत ओढून घेतो. यामाहा आरएक्स १०० मधला पंप वेगळ्या टाकीतले टू-स्ट्रोक ऑइल इंजिनात सोडतो. या पंपांत बिघाड झाल्यास गाडी पेट्रोलअभावी थांबत नाही. वंगण न मिळाल्यामुळे इंजिन जाम होते आणि ते नुकसान कितीतरी मोठे असते.

गैरसमज ५ : पूर्वी चालत होते तेच रबर आजच्या पेट्रोललाही चालते.

वस्तुस्थिती : देशात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसाचा रस व मळी यांपासून तयार होते, त्यामुळे शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्याशी या बदलाचे जवळचे नाते आहे. शेतकऱ्याला त्यातून उसाचा एक नवा ग्राहक मिळाला, ही मोलाची गोष्ट आहे. परंतु इथेनॉल जुने रबर आणि कॉर्क फुगवते किंवा ठिसूळ करते, टाकीत चिकटून बसलेला मळ सुटा करते आणि हवेतला ओलावा शोषून घेते. पावसाळाभर गाडी उभी राहिली तर पाणी मिसळलेला थर टाकीच्या तळाशी, नेमका कॉकच्या तोंडाशी साचतो. म्हणून जुन्या गाडीला इथेनॉल सहन करणारे पाइप आणि वॉशर घालणे आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करणे, ही आज गरज बनली आहे.

गैरसमज ६ : इंजेक्शनच्या गाडीत पंपाचा आवाज आला नाही, म्हणजे पंप जळाला.

वस्तुस्थिती : चावी फिरवल्यावर पंप दोन-तीन सेकंद घोंघावतो, तो गप्प असेल तर आधी फ्यूज, रिले, बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंग तपासावे, आणि आवाज येऊनही गाडी मिस करत असेल तर फिल्टर व दाब पाहावा. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, त्यामुळे दरवेळी पन्नास-शंभर रुपयांचेच पेट्रोल टाकून गाडी कायम रिझर्व्हवर चालवण्याची सवय त्याचे आयुष्य कमी करते. पंप खरोखरच बदलायचा झाल्यास त्याच दाबाचा आणि त्याच प्रवाहाचा निवडावा आणि त्याबरोबर फिल्टर व सीलही नवे घालावेत.

गैरसमज ७ : गाडी जुनी झाली की ती आपोआप ‘व्हिंटेज’ ठरते.

वस्तुस्थिती : केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, व्यापारी वापरात नसलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असते आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. ज्याला गाडीचे मूळपण जपायचे आहे, त्याने नवा पंप जोडण्यापेक्षा मूळ कॉक दुरुस्त करणे अधिक शहाणपणाचे आहे.

काम कोणतेही असो, ते उघड्यावर, इंजिन थंड असताना आणि बॅटरी सोडवून करावे, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते आणि दूरवरच्या ठिणगीनेही पेटते. जुन्या गाडीच्या मालकाने पंपाची किंमत विचारण्याआधी झाकण, कॉक, पाइप आणि फ्लोट या क्रमाने तपासणी करून घ्यावी आणि तपासणी न करताच पंप सुचवला गेला, तर आपल्या गाडीला मुळात पंप आहे का, हा प्रश्न आधी विचारावा.