मेंदूज्वर आणि सेप्टिसिमिया : वसतिगृहातील पहिले काही तास

सुरगाणा तालुक्यातील अनेक मुलेमुली आश्रमशाळांत व वसतिगृहांत राहून शिक्षण घेतात. द्राक्षांच्या हंगामात त्यांचे आईवडील दिंडोरी, निफाडकडे मजुरीस गेलेले असतात. अशा वेळी रात्री तापाने फणफणलेल्या मुलाचे पालकत्व अधीक्षक, शिक्षक आणि शेजारच्या खाटेवरील मित्र यांच्याकडे येते. प्रस्तुत माहिती प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

मेंदू व मज्जारज्जू यांभोवतीच्या आवरणास जंतुसंसर्गाने सूज येते, त्यास आपण मेंदूज्वर म्हणतो. जंतू रक्तात शिरून वाढू लागले की सेप्टिसिमिया होतो. दोन्ही विकार एकत्र किंवा स्वतंत्रपणे होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जिवाणूजन्य मेंदूज्वराच्या सहा रुग्णांपैकी सुमारे एक दगावतो. बचावलेल्या पाचांपैकी एकास बहिरेपणासारखे गंभीर व्यंग राहते. २००५ साली दिल्लीत मेनिंगोकोकस जंतूची साथ आली होती. हा जंतू खोकला, शिंका व निकट सहवासातून पसरतो. म्हणूनच दाटीच्या खोल्यांत विशेष दक्षता हवी.

लक्षणे

• तीव्र ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, मान आखडणे, उजेड सहन न होणे
• गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके
• तापातही हातपाय गार पडणे, अंग व पाय दुखणे, धाप लागणे, लघवी कमी होणे
• अंगावर लाल-जांभळे ठिपके. काचेचा पेला दाबून धरला तरी न मावळणारे. सावळ्या त्वचेवर ते तळहात, तळपाय व पापणीच्या आतील भागी पाहावेत.

सर्व लक्षणे एकाच वेळी दिसत नाहीत. ठिपके उमटण्याची वाट पाहू नये. ‘साधा ताप असेल, सकाळी पाहू’ हा विचारच घातक ठरतो. रुग्णास एकटे न ठेवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. क्षयाच्या जंतूंमुळे होणारा मेंदूज्वर मात्र दिवसेंदिवस हळूहळू वाढतो. रेंगाळणारा ताप व डोकेदुखी यांकडेही दुर्लक्ष नको.

पाठीतील पाणी तपासण्याची भीती

या तपासणीने माणूस पांगळा होतो, या समजुतीने नातेवाईक संमती नाकारतात. वस्तुतः सुई कमरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्याही खाली, घातली जाते. नेमका जंतू कळल्याने योग्य औषध निवडता येते. संशय प्रबळ असल्यास डॉक्टर प्रतिजैविक आधीच सुरू करतात. मेनिंगोकोकसचे निदान झाल्यास निकट सहवासातील व्यक्तींनाही प्रतिबंधक औषध दिले जाते.

लसीकरणातील पेंटाव्हॅलंट व न्यूमोकोकल लसी बालकांना या रोगाच्या काही प्रमुख जंतूंपासून संरक्षण देतात. बीसीजी लहान मुलांस क्षयजन्य मेंदूज्वरापासून जपते. मेनिंगोकोकसची लस मात्र नियमित राष्ट्रीय लसीकरणात नाही.

अनामत रकमेविषयी

पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत रुग्ण घरी ठेवला जातो, हे आम्हांस खेदाने नमूद करावेसे वाटते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने तातडीच्या रुग्णास अनामत रकमेसाठी अडवून न ठेवता प्रथम दाखल करून घ्यावयाचे असते. हिशेब नंतर करता येतो; गेलेले तास परत आणता येत नाहीत. देणगीदारांनी दिलेला प्रत्येक रुपया हा नेमका त्या तासांसाठी आहे, याची आम्हांस नम्र जाणीव आहे.