एसटीचं दुखणं आधी आगारात कळतं

दामाजीपंतांची कथा मंगळवेढ्यात कुणाला सांगावी लागत नाही. दुष्काळात त्यांनी बादशहाचं कोठार रयतेला खुलं केलं आणि त्या धान्याचे पैसे विठोबाने बिदरच्या दरबारी भरले. इथल्या एसटीत वाहक एखाद्या आजोबांच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट ठेवतो, तेव्हा मला हीच कथा आठवते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत झाला, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. दोन्ही निर्णय मला मोलाचे वाटतात. पण या सवलतीचे पैसे सरकारने महामंडळाला द्यायचे असतात. कागदावर ते उत्पन्न असतं. हाती येईपर्यंत त्यातून डिझेल भरता येत नाही.

येणं असं अडकत गेलं की संस्था डबघाईला येऊ शकते. ते आधी ओळखता येतं का? अमेरिकेतल्या एडवर्ड आल्टमन यांनी १९६८ साली ६६ कंपन्यांचे हिशेब तपासून पाच गुणोत्तरांचं सूत्र मांडलं. उत्तर १.८१ च्या खाली आलं तर धोका, २.९९ च्या वर असेल तर चिंता नाही. बँकांमधली माणसं आजही ते वापरतात. एसटीला मात्र ते लागू पडत नाही. त्यातलं एक गुणोत्तर शेअरच्या बाजारभावावर उभं आहे आणि एसटीचा शेअर बाजारात नाही. शिवाय १९५० च्या मार्ग परिवहन कायद्याखालचं महामंडळ कंपनीसारखं दिवाळखोरीत निघत नाही. ते बंद करायचं तर राज्य सरकारलाच केंद्राच्या संमतीने आदेश काढावा लागतो. एसटीवरच्या २०२५ च्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दिसला, तरी गाड्या धावतच होत्या.

मग धोका ओळखायचा कशावरून? माझ्या मते, देणी कोणत्या क्रमाने थकतात त्यावरून. पहिल्यांदा नव्या गाड्यांची खरेदी लांबते. मग सुटे भाग वेळेवर येत नाहीत, जुन्या गाड्या वाटेत बंद पडतात, फेऱ्या रद्द होतात. पुढे कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा भरणा रखडतो आणि शेवटी पगार. ज्याला थांबवता येतं त्याचे पैसे आधी थांबतात. डिझेलवाला थांबत नाही. २०२० च्या दिवाळीआधी एसटीचे पगार महिनोन्‌महिने अडकले होते. कोरोनाने उत्पन्न बुडवलं होतं हे खरं, पण सरकारच्या मदतीने पगार झाले आणि सगळे तो इशारा विसरले. पुढच्या ऑक्टोबरअखेर संप पेटला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला.

वर्षअखेरचा ताळेबंद हाती येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून दर महिन्याला प्रत्येक आगाराने चार गोष्टी जाहीर कराव्यात: किती फेऱ्या रद्द झाल्या, किती गाड्या वाटेत बंद पडल्या, पगार किती दिवस उशिरा झाला आणि सवलतीची किती महिन्यांची रक्कम सरकारकडून यायची आहे. मुंबईतल्या मुख्यालयात हे आकडे जमत असतीलही. मला ते मंगळवेढ्याच्या स्थानकावर, फलाटाजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेले हवे आहेत. हुलजंतीकडची संध्याकाळची गाडी किती दिवस सुटली नाही, हे शाळेच्या पासवर जाणाऱ्या मुलींना फळ्याआधीच ठाऊक असेल. त्यांनी तो आकडा ताडून पाहावा.